हायवेला डुलती, पांदणीत चालती: फोर बाय फोरचं हँडलिंग सुधारायचंय पण चिखलातली ताकद घालवायची नाही

पांदणवाला_केज

राम राम मंडळी. लई दिवसांपासून इथं नुसतं वाचायलो, आज विचारायची वेळ आली. जरा लांबण लागंल, सांभाळून घ्या.

गाडी २०१६ची डिझेल, लॅडर फ्रेम, पार्ट टाइम फोर बाय फोर. पुढं डबल विशबोन, मागं कॉइल स्प्रिंगवर सॉलिड एक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर. कंपनीचं नाव मुद्दामच टाकत नाही, टाकलं की सगळी चर्चा "हीच कशाला घेतली" वर जाती. सेकंडहँड घेतलेली आहे. पहिल्या मालकाला हौस दांडगी, त्यानं स्प्रिंगवर दोन इंची स्पेसर टाकून गाडी उचललेली, कंपनीचे २३५/७० आर १६ टायर काढून २६५/७५ आर १६ चे एमटी, म्हणजे चिखलाचे मोठ्या ठोकळ्यांचे टायर टाकलेले, रिम बाहेर निघालेली, टपावर लोखंडी कॅरियर, कॅरियरवर स्टेपनी, पुढं जाडजूड लोखंडी बंपर. दिसायला एक नंबर, गावात पोरं फोटो काढतात.

माझं काम असं आहे की शेत मांजरा धरणाच्या बॅकवॉटरच्या अंगाला, डांबरी सोडली की शेवटपर्यंत पांदण. पाऊस लागला की ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गुडघाभर, मधी उंचवटा, आणि एक ओढा आडवा. तिथं गाडी हटत नाही, फोर लो टाकली की निघतीच. पण दर आठवड्याला संभाजीनगरला जावं लागतं, केज मांजरसुंबा बीड गेवराई मार्गे, आणि तिथं जीव जातो माझा. ऐंशीच्या पुढं गेलं की स्टेअरिंग सारखं सरळ करत बसायचं, ट्रकला ओव्हरटेक करताना गाडी एकदा ह्या अंगाला एकदा त्या अंगाला जाती, मांजरसुंब्याच्या घाटात तर मागच्या टायमाला आईनं उतार संपेपर्यंत वरचं हँडल सोडलं नाही. पुलाच्या जॉइंटवरून गेलं की मागचा भाग दोन-तीनदा वर-खाली होतो मग शांत होतो.

गॅरेजला विचारलं तर एक म्हणतो कडक स्प्रिंग टाका, दुसरा म्हणतो मागं जाड अँटी रोल बार बसवा, तिसरा म्हणतो गाडी लो करा. मला हिची कार करायची नाही. पांदण पण सोडायची नाही. पैसे एकदम घालता येणार नाहीत, सोयाबीनचा भाव तुम्हाला माहितीच आहे. तर आधी काय करू आणि नंतर काय?

उडाणटप्पू

विका आणि क्रेटा घ्या. पांदणीला ट्रॅक्टर आहेच की.

पांदणवाला_केज

आईला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवू का मग 😄

वाळूज_शिफ्ट

दादा, तुम्ही एका प्रश्नात चार वेगवेगळी दुखणी सांगितलीत, म्हणून गॅरेजवाले वेगवेगळी औषधं सांगायलेत. आधी वेगळी करू.

स्टेअरिंग सारखं सरळ करावं लागतं, हे अलाइनमेंट, कॅस्टर (पुढच्या चाकाच्या स्टेअरिंग अक्षाचा मागं झुकाव), स्टेअरिंगच्या सांध्यांचा प्ले आणि एमटी टायर यांचं काम. वळणावर झुकणं हे उंची आणि टपावरच्या वजनाचं. जॉइंटवरून गेल्यावर दोन-तीनदा वर-खाली होणं म्हणजे मागचे शॉक ॲब्सॉर्बर गेलेत, त्याला दुसरा अर्थ नाही. आणि ओव्हरटेक करताना मागचा भाग स्वतःच्या मनानं एका बाजूला जातो तो बहुतेक लिफ्टमुळे, ते खाली सांगतो.

यातल्या एकाही गोष्टीला कडक स्प्रिंग हा इलाज नाही. स्प्रिंगचं काम गाडी पेलायचं, हालचाल थांबवायचं काम शॉकचं. शॉक मेलेला असताना स्प्रिंग कडक केली तर गाडी तेवढीच उडणार, फक्त जास्त जोरात उडणार. आणि पांदणीत वाटोळं वेगळंच. चाकोरीत एक चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंगनं त्याला खाली ढकलून जमिनीला टेकवून ठेवायचं असतं. कडक आणि आखूड स्प्रिंग असली की ते चाक लोंबकळतं, आणि तुमचं डिफरन्शियल (एक्सलच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर) साधं असेल, लॉक नसेल, तर इंजिनची सगळी ताकद त्या लोंबकळणाऱ्या चाकाला जाऊन ते नुसतं फिरत बसतं. म्हणजे हायवेला अर्धवट फायदा आणि शेतात पूर्ण तोटा.

आता लिफ्ट. सॉलिड एक्सलला आडवं बांधून ठेवायला एक पॅनहार्ड रॉड असतो, एक टोक एक्सलला, एक चेसिसला. गाडी दोन इंच उचलली की तो रॉड तिरका होतो आणि अख्खा एक्सल एका बाजूला ओढतो. मागं उभं राहून दोन्ही टायर आणि बॉडीमधलं अंतर टेपनं मोजा, फरक दिसेल. लांबीतले आर्म पण तिरके होतात, मग बॉडी झुकली की एक्सल थोडासा वळतो, म्हणजे तुम्ही स्टेअरिंग न फिरवता मागचा एक्सल फिरवायला लागतो. हेच ते "ह्या अंगाला त्या अंगाला". महिंद्रानं २०२२च्या स्कॉर्पिओ एनला मागं पॅनहार्डऐवजी वॅट्स लिंकेज दिलंय ते ह्याच्यासाठीच, त्यात एक्सल सरळ वर-खाली जातो, बाजूला सरकत नाही. पुढं डबल विशबोनला लिफ्ट केल्यावर कॅस्टर बिघडतो आणि तो कमी झाला की वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ यायचं बंद होतं.

आणि एक गोष्ट, जी लिफ्ट किट विकणारे सांगत नाहीत: स्पेसर टाकून मागच्या क्राऊनच्या गोळ्याखालचं (एक्सलच्या मधला डिफरन्शियलचा फुगीर डबा) अंतर एक मिलिमीटरनं पण वाढत नाही. सॉलिड एक्सल आहे, तो चाकाच्या सेंटरलाच राहणार. त्याखालची उंची वाढवायची तर टायरच मोठा लागतो. तुमच्या पांदणीत घासतो तो मधला उंचवटा घासतो कशाला? गोळ्यालाच ना? मग स्पेसरचा तिथं काय उपयोग. बॉडी वर गेली, पायऱ्या वर गेल्या, घासणारा भाग होता तिथंच आहे.

माझं मत स्पष्ट आहे, स्पेसर काढा. कंपनीच्या उंचीवर आणा.

बालाघाटी

वाळूज भाऊंशी ८० टक्के सहमत. स्पेसरनं ओढ्याच्या काठावर चढता-उतरताना पुढचा-मागचा कोन थोडा मिळतो हे मात्र खरंय, पूर्ण बिनकामाचा म्हणू नका. पण IFS ला (पुढची दोन्ही चाकं सुटी-सुटी हलणारं सस्पेन्शन) वर स्पेसर टाकून चाकाचा प्रवास वाढत नाही, वर जायचा वाढला तर खाली जायचा तेवढाच कमी होतो. आणि पुढच्या चाकांना ताकद नेणाऱ्या सीव्ही जॉइंटचे कोन वाढून त्यांचे रबरी बूट फाटतात, मग आत काळी माती गेली की जॉइंटचं आयुष्य संपलं.

अँटी रोल बारवर बोलतो कारण ह्या विषयावर लई लोक फसतात. बार जाड केला की झुकणं कमी होतं हे खरं. पण बारचं कामच दोन चाकांना एकमेकांशी बांधायचं आहे, आणि पांदणीत तुम्हाला नेमकं उलटं पाहिजे असतं, एक वर एक खाली, दोघं सुटे. म्हणून जीप रँग्लर रुबिकॉनला पुढचा बार बटणानं सोडवायची सोय असते. टोयोटानं प्राडो आणि लँड क्रूझरला केडीएसएस दिलं, त्यात हायड्रॉलिकवर बार रस्त्यावर कडक राहतो आणि खाचखळग्यात सैल होतो. आपल्याला त्या गाड्या परवडत नाहीत, पण हिशोब तोच आहे. बार वाढवायचाच असेल तर सोडवता येणाऱ्या लिंकचा घ्या, शेताच्या तोंडाशी पिन काढा, येताना लावा.

आणि फक्त मागं जाड बार बसवू नका हो. मागचा बार कडक केला की वळणात मागची पकड आधी सुटती, गाडी शेपूट फेकती. उंच गाडी, घसरण आपोआप सावरणारं ईएसपी नाही, पहिला पाऊस पडून रस्त्यावर तेलकट थर आलेला, घाटाचा उतार. ह्यात शेपूट सुटलं तर सावरायला जागा नसती. कंपनीवाले पुढचा बार जड ठेवतात ते उगीच नाही.

मिस्त्री_अंबड_नाका

सगळे भाऊ लई शिकलेले हायत, मी हातानं काम करनारा मानूस, मोबाइलवर टाइपायला येळ लागतो. पन ऐका.

आधी गाडी खाली घुसून बगा. १०-१२ वर्साची गाडी, बुश, म्हंजी सांध्यातलं रबर, जिवंत असनं शक्य नाही. लोअर आर्मच्या बुशात टॉमी घालून हलवायचं, रबर फाटलेलं दिसतं, नाहीतर आर्म खटकन सरकतो. एकानं इंजिन चालू करून स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवायचं अन दुसऱ्यानं खाली टाय रॉड एंडला हात लावून बसायचं, प्ले असला तर हाताला टक टक कळतो. ह्याला मशीन लागत न्हाई. पॅनहार्डचा बुश तर पैला बगा, त्यो गेला की मागचं धूड आपल्या मनानं नाचतं.

शॉक दाबून बगायची पद्धत ह्या जड गाडीला कामाची न्हाई. खराब रस्त्यानं चांगली पळवून आना अन लगेच चारी शॉकच्या नळीजवळ हात न्या, चिटकवू नका पोळंल. काम करनारा शॉक गरम लागतो कारन तेल दाबून दाबून तापतं. जो गार लागला त्यो मेला. तेल गळालेलं दिसलं तर हात लावायची पन गरज न्हाई.

आता पिवळ्या-लाल पॉलियुरेथेन बुशचं खूळ आलंय. अँटी रोल बारच्या क्लॅम्पला अन पॅनहार्डला टाका, फरक पडतो. पन मागच्या लांब आर्मला टाकू नका. एक चाक वर एक खाली गेलं की त्या आर्मला पीळ पडतो, रबर पीळ खातं, पॉली खात न्हाई, मग एक्सल अडकल्यागत व्हतो. तिथं कंपनीचं रबरच बरं. हे मी सांगतो म्हून न्हाई, तुमी कुनालाबी विचारा.

बुश घट्ट करताना गाडी जॅकवर लोंबकळत ठेवून बोल्ट आवळू नका, चाकं जमिनीवर टेकवून आवळा. लटकत्या गाडीत आवळलं की रबर कायमचं पिळलेलं राहतं अन लवकर फाटतं. निम्म्या गॅरेजला हीच घाई.

वाळूज_शिफ्ट

मिस्त्री, शेवटचा मुद्दा लाख मोलाचा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पण तेच लिहिलेलं असतं आणि कोणी करत नाही.

गंगाथडीकर

टायरवर कोणीच बोलेना म्हणून लिहितो, कारण माझ्या मते निम्मं दुखणं तिथं आहे.

हिशोब बघा. २३५/७० आर १६ चा बाहेरचा व्यास होतो साधारण ७३५ मिमी. तुमच्या २६५/७५ आर १६ चा ८०४. म्हणजे ९ टक्क्यांनी मोठा. मीटरवर १०० दिसतात तेव्हा गाडी १०९ ला असती, आणि तुम्ही म्हणता ऐंशीच्या पुढं डुलती, म्हणजे खरी सत्त्याऐंशीला डुलती! गिअरिंग उंच झालं, ब्रेकला चाक थांबवायला जास्त जोर लागतो, आणि बाहेर निघालेल्या रिममुळं बेअरिंगवर ताण आणि स्टेअरिंग रस्त्याच्या मागं पळतं. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढून ओढून आपल्याकडच्या डांबरीवर ज्या खोलगट पट्ट्या पडल्यात ना, त्यात रुंद टायर आणि बाहेरची रिम असली की गाडी त्या पट्टीनंच चालती, तुमचं ऐकत नाही. त्यात एमटीचे मोठे मोठे ठोकळे, डांबरीवर ते ठोकळेच वाकतात, स्टेअरिंग फिरवलं की आधी रबर वाकतं मग गाडी वळती. तुम्हाला वाटतं सस्पेन्शन ढिलं आहे.

पण दुसरी बाजू पण सांगतो, इथं लोक एटी टायरला (डांबरी-माती दोन्हीला चालणारा) देव करून ठेवतात. आपल्या काळ्या मातीत एटी टायर भरतो. ही माती भिजली की फुगती आणि चिटकती, वाळू किंवा मुरमासारखी झडत नाही. एटीच्या बारीक खाचा चार फेऱ्यांत भरून टायर गुळगुळीत. एमटीच्या रुंद खाचांतून माती फेकली जाती, तीसुद्धा चाक जरा जोरात फिरवलं तरच. म्हणून ऐन श्रावणात एटीवर तुम्ही थोडं गमावणार, हे धरून चला.

मला सांगा तुमच्या पांदणीत काळी किती खोल? खाली मुरूम हाताला लागतो का?

पांदणवाला_केज

ओढ्यापर्यंत वीतभर खाली मुरूम लागतो. ओढ्याच्या पलीकडं निव्वळ काळी, काठी घातली तर जातच राहती. पण पलीकडचा तुकडा लहान आहे, बांधाच्या कडेनं.

गंगाथडीकर

मग झालं. मुरूम वर असला की अरुंद टायर चांगला, तो चिखल कापून खाली कडक जागेला टेकतो. रुंद टायर चिखलावर तरंगत घसरत राहतो. २६५ ची गरजच नाही तुम्हाला. ओढ्यापलीकडच्या तुकड्याला हवा कमी करा. १८ ते २० पीएसआयला आणलं की टायर लांबट पसरतो, पकड लांबी वाढती. १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून उतरतो. आणि डांबरीला लागायच्या आधी परत भरायची, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या, लायटरच्या सॉकेटवरचा नको, तो चहा पिऊन होईस्तोवर एकच चाक भरतो.

माझं म्हणणं, एटी घ्या, २४५/७५ आर १६. व्यास ७७४, म्हणजे आत्ताच्यापेक्षा गोळ्याखाली फक्त १५ मिमी जातील.

वाळूज_शिफ्ट

२४५/७५ म्हणजे कंपनीच्या मापापेक्षा ५ टक्के मोठा. मी ३ टक्क्यांच्या आत राहा म्हणेन. २४५/७० आर १६ घ्या, व्यास ७४९, फरक २ टक्क्यांच्या आत, मीटर बरोबर, गिअरिंग बरोबर, पूर्ण स्टेअरिंग वळवल्यावर आत घासायचा प्रश्न नाही. स्पेसर काढल्यावर ७५ चा टायर फेंडरच्या आतल्या प्लास्टिकला लागू शकतो.

गंगाथडीकर

आणि मधल्या उंचवट्याचं काय? २४५/७० ला आत्ताच्यापेक्षा २७ मिमी जातात. एका बोटापेक्षा जास्त. गोळा घासला की तुम्ही येणार का ढकलायला 😀 हायवेवाले हायवेचं बघतात.

वाळूज_शिफ्ट

येतो की, हुरडा असला तर नक्की येतो. पण दादांनी सांगितलंय तो उंचवटा ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमुळं आहे, म्हणजे चाकोरीत चाक घालून चालायचंच कशाला, एक चाक उंचवट्यावर आणि एक बाहेरच्या काठावर ठेवून चाला, गोळा आपोआप वर राहतो. हवं तर गाडी थोडी तिरकी चालेल.

बालाघाटी

दोन्ही बाजूला बाभळी असल्या की काठावर कसं चालायचं भाऊ, आरसा जातो.

संध्याकाळची_एसटी

सरकारी पाणंद रस्ते योजनेतून रस्ताच करून घ्या आणि क्रेटा घ्या. सगळे खूश.

पांदणवाला_केज

गावानं अर्ज केलेला आहे. तोपर्यंत गाडी तर चालवायची ना.

बरं एक विचारायचं राहिलं. माझा एक मित्र म्हणतो पावसात हायवेला फोर हाय टाकून चालवायची, चारी चाकं ओढतात म्हणून गाडी डुलत नाही. खरं का?

बालाघाटी

नका करू. पार्ट टाइम फोर बाय फोरच्या ट्रान्सफर केसमधी सेंटर डिफरन्शियल नसतं, पुढचा-मागचा शाफ्ट एकजीव होतो. वळणात पुढच्या चाकांना मागच्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात चाक घसरून तो फरक भरून निघतो, डांबरीवर घसरत नाही, मग सगळा ताण गिअरमधी साठतो, स्टेअरिंग जड होतं, गाडी वळायला नको म्हणती, आणि एखाद दिवशी काहीतरी कटकन तुटतं. ओली डांबरी म्हणजे चिखल नव्हे. डुलण्याचा तर ह्याच्याशी काहीच संबंध नाही.

वाळूज_शिफ्ट

बरोबर. आता टपावरच्या वजनाचं सांगतो, हे फुकटात होणारं काम आहे आणि सगळ्यात आधी करा. लोखंडी कॅरियर, त्यावर ८०४ मिमीची स्टेपनी रिमसकट, म्हणजे गाडीला डोक्यावर भरलेली घागर घेऊन घाटात पळायला लावलंय. गाडीचा गुरुत्वमध्य वर, आणि स्टेअरिंग एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरवलं की ते वजन उशिरा येतं, तुम्ही परत सरळ करायला जाता तेव्हा ते अजून पहिल्याच बाजूला असतं. ओव्हरटेकचा झोला इथून पण येतो. स्टेपनी कंपनीच्या जागेवर, जड सामान, साखळी, टोपल्या, जॅक सगळं दोन्ही एक्सलच्या मधे फरशीवर बांधून.

पुढच्या लोखंडी बंपरचं पण तेच, पुढच्या एक्सलच्या पुढं लटकणारं वजन. वळताना नाक जड, ब्रेक मारला की नाक खाली. आणि तो बेकायदा आहे हे वेगळंच.

काळा_कोट

वरच्या मुद्द्यावर. बुल बारवर कारवाई करा असं केंद्रानं २०१७ सालीच राज्यांना कळवलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करू देत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलं, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पहिल्या मालकानं बसवलंय हे उत्तर चालत नाही, गाडी आता तुमच्या नावावर आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पण बदलांवर बोट ठेवते. एअरबॅग असलेल्या गाडीला तर तो बंपर अजिबात नको, धक्का सरळ चेसिसला जाऊन सेन्सरचं गणित बिघडतं.

पांदणवाला_केज

मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला, मधी तूर काढायची होती.

कॅरियर अन् बंपर काढला, बंपर भंगारात गेला, कॅरियरला शेजाऱ्यानं कोंबड्यांच्या खुराड्याचं छत केलं. स्पेसर काढले. मिस्त्रींनी सांगितलं तसं हात लावून बघितलं तर मागचा डावा शॉक गारच्या गार, उजवा कोमट. चारी शॉक बदलले, गॅसचे टाकले, कंपनीच्या लांबीचे. पॅनहार्डचा बुश काढला तर रबर हातात भुगा होऊन आलं, आणि पुढच्या लोअर आर्मचे पण गेलेले होते. मागच्या लांब आर्मला कंपनीचंच रबर ठेवलं. अँटी रोल बारला हातच लावला नाही, आहे तोच पुढचा, फक्त त्याचे बुश नवीन. बोल्ट आवळताना गाडी खाली टेकवायला लावली तर पोरगा माझ्याकडं असा बघायला लागला की जसं काय मी त्याचं बिल कमी करायलोय.

टायरचं भांडण मी माझ्यापुरतं असं मिटवलं की २४५/७० एटी घेतले आणि जिथं गोळा घासायचा त्या तेवढ्या पट्ट्यात शेजारच्या भावकीला धरून मुरूम टाकून घेतला. गंगाथडीकर भाऊ रागावू नका.

अलाइनमेंटला गेलो तेव्हा आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद मागून घेतले. आधी टो बाहेर गेलेला (पुढच्या चाकांची तोंडं बाहेर वळलेली) आणि कॅस्टर दोन्ही बाजूला वेगवेगळा. आता शंभरला एका हातानं धरता येती (धरत नाही, येती म्हणलं). शहागडच्या पुलावरच्या जॉइंटवरून गेली की एकदाच खाली बसती आणि संपलं. घाटात झुकती अजून, पण एकदा झुकली की तिथंच राहती, परत नाचत नाही. मांजरसुंब्याला आई ह्या टायमाला झोपली होती.

चिखलात म्हणाल तर ओढ्यापर्यंत काही फरक नाही, उलट चाक जास्त टेकून राहतं असं वाटायलंय. ओढ्याच्या पलीकडं एमटीसारखं नाही. हवा कमी करावीच लागती.

एकच राहिलं. नव्वद ते शंभरच्या मधी स्टेअरिंगला बारीक थरथर येती, वर गेलं की कमी होती. परवापर्यंत नव्हती, शेतातून आल्यावर सुरू झाली. बॅलन्सिंग तर नवीन टायरबरोबरच केलेलं आहे. वाकली का काय रिम?

गंगाथडीकर

रागावत नाही, मुरूम टाकणं हा सगळ्यात स्वस्त लिफ्ट किट आहे 😂

रिम वाकलेली नाही. चाकाच्या मागून आतल्या अंगानं रिमच्या खोबणीत हात घाला, काळी माती वाळून बसलेली असंल. एका जागेवर मूठभर चिटकली तरी शंभरला थरथर येती. आधी आतून खरवडून धुवा, मग थरथर राहिली तरच बॅलन्सिंगला जा. न धुता गेलात तर तो मातीसकट मशीनवर चढवून शिसं लावून देणार, आणि चार दिवसांनी ढेकूळ पडलं की परत तेच.

मिस्त्री_अंबड_नाका

बराबर. पन वॉशिंगवाल्याचा जोराचा पाइप हबच्या सीलवर अन सीव्हीच्या बुटावर जवळून मारू देऊ नका, पानी आत जातं. बादलीत पानी घ्या, वली करून घंटाभर ठेवा, मग लाकडाच्या फळीनं खरवडा. अन टायरची हवा गार असताना दरवाज्यावरच्या स्टिकरपरमानं बगा, उन्हाळ्यात बीडहून येऊन गरम टायरची हवा सोडू नका, ती वाढलेलीच दिसनार. खडूनं टायरवर आडवी रेघ मारून थोडं सरळ चालवा, मधलीच पुसली तर हवा जास्त, कडेचीच पुसली तर कमी.

पांदणवाला_केज

आतून ढेकळंच निघाली, डाव्या पुढच्यात तर तुरीचं काड पण होतं. उद्या संभाजीनगरला जायलो, जाताना बघतो.